टॉवर गेल्यावर कोणतं ॲप? कच्च्या रस्त्यांसाठी ऑफलाइन नकाशांची पारख

वेल्ह्याच्या पुढे केळदकडे, तापोळ्याच्या पलीकडे कोयनेच्या काठाकाठाने किंवा हिमाचलात ग्रांफूवरून बातलकडे गाडी वळली की रेंजचा भरवसा राहत नाही. अशा ठिकाणी लागणारं ॲप आणि पुण्याहून कोल्हापूरला जाताना लागणारं ॲप यांची कामं वेगळी आहेत. हायवेवर ट्रॅफिक कुठे तुंबलंय आणि किती वाजता पोचू एवढं कळलं तरी भागतं. कच्च्या रस्त्यावर तीन गोष्टी कळायला हव्यात. पुढची वाट कसली आहे, ती किती चढते, आणि पुढे जाता आलं नाही तर आलो त्याच वाटेने परत कसं फिरायचं. या कसोट्यांवर आमचा कौल असा: मुख्य ॲप ऑस्मअँड, जोडीला ऑरगॅनिक मॅप्स, आणि गुगल मॅप्स डांबर संपेपर्यंत.

आधी एक गैरसमज दूर करू. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. फोनमधला रिसीव्हर उपग्रहांचे संदेश थेट घेतो, विमान मोडमध्येही घेतो. नेटवर्कचा उपयोग होतो तो पहिल्यांदा जागा सापडताना. कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन इंटरनेटवरून पटकन उचलतो. नेटवर्क नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सावकाश घ्यावी लागते. एका उपग्रहाची कक्षा कळायला साधारण ३० सेकंद आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी उतरायला साडेबारा मिनिटं. विमानाने लेहला उतरून लगेच फोन उघडला की निळा ठिपका दिल्लीतच बसलेला दिसतो तो यामुळे. म्हणून रेंज असतानाच, उघड्या आकाशाखाली, ॲप उघडून जागा पक्की होऊ द्यावी आणि मग निघावं. रेंज गेल्यावर खरी अडचण उपग्रहांची नसतेच. नकाशा फोनमध्ये उतरवलेला नसतो, म्हणून पांढऱ्या पडद्यावर नुसता ठिपका उरतो.

गुगल मॅप्स: कुठवर चालतं

गुगलमध्ये हवा तो चौकोन निवडून नकाशा उतरवता येतो आणि त्यावर गाडीचा मार्ग रेंजशिवायही मिळतो. गावांची नावं, हॉटेलं, पेट्रोल पंप शोधायला त्याच्याइतकं सोपं दुसरं ॲप नाही. पण उतरवलेल्या भागात सॅटेलाइट चित्र येत नाही, डोंगरउताराचा थर येत नाही, पायी जाण्याचा मार्गही मिळत नाही. उतरवलेल्या भागाला मुदत असते आणि वेळेवर अपडेट झालं नाही तर तो नकाशा ऐनवेळी हाताशी नसतो. त्याहून मोठा दोष कच्च्या रस्त्याच्या बाबतीत आहे. मुरमाचा चांगला रस्ता, चिखलाची पाणंद आणि खडी पसरून सोडून दिलेलं अर्धवट काम ही तिन्ही त्याच्या नकाशावर सारख्याच रेघेने दिसतात. शिवाय गाडीचा ठिपका तो जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतो. डांबरी रस्त्यावर हे सोयीचं. माळावर मात्र आपण वाटेपासून ३० मीटर बाजूला सरकलोय हे त्यामुळे लपून राहतं.

ऑस्मअँड: शिकायला वेळ लागतो, पण काम करतं

ऑस्मअँड ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतं. हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात आणि त्यात रस्त्याच्या रेघेबरोबर रस्त्याचे गुणही नोंदवता येतात. शेतातल्या किंवा जंगलातल्या गाडीवाटेला १ ते ५ अशी श्रेणी असते. १ म्हणजे घट्ट, जवळजवळ पक्का, ५ म्हणजे नुसती माती आणि गवतातून गेलेली चाकोरी. पृष्ठभाग डांबर की खडी की माती, ओढा पुलावरून ओलांडायचा की पाण्यातून, हेही नोंदवलेलं असू शकतं. ऑस्मअँड हे सगळं पडद्यावर दाखवतं, आणि ते आमच्या पहिल्या क्रमांकावर येण्याचं मुख्य कारण हेच.

मांडणी एकदा नीट लावून घ्यावी लागते. डाउनलोडच्या पानावर आशिया, मग भारत, मग राज्य असा क्रम आहे. महाराष्ट्राची फाइल वेगळी, हिमाचलची वेगळी. नकाशासोबत कंटूर रेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची) आणि डोंगराच्या सावलीची फाइल स्वतंत्रपणे उतरवायची, बरेच जण तेवढंच विसरतात. अँड्रॉइडवरच्या मोफत आवृत्तीत सात फाइलींची मर्यादा आहे आणि कंटूर रेषांसाठी पैसे भरावे लागतात. एकाच राज्यात फिरणाऱ्याला मोफत आवृत्तीवरही सुरुवात करता येईल, पण डोंगरात कंटूरशिवाय जाऊ नये, तेव्हा हे पैसे वसूल होतात. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दालनात मिळणाऱ्या आवृत्तीला फाइलींची मर्यादा नाही.

मग कॉन्फिगर मॅपमध्ये जाऊन नकाशाची शैली ऑफरोड किंवा टोपो निवडा आणि रस्त्याचा पृष्ठभाग दाखवणारा पर्याय चालू करा. गाडीचं जे प्रोफाइल (सेटिंगचा संच) आहे त्याची प्रत काढून तिला वेगळं नाव द्या. मूळ प्रोफाइल हायवेसाठी राहू द्या. नव्या प्रोफाइलमध्ये कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय बंद ठेवा. ‘स्नॅप टु रोड’ बंद ठेवा, म्हणजे ठिपका खऱ्या जागी दिसेल. आणि वाट चुकल्यावर मार्ग नव्याने काढण्याची सोयही बंद करा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आधी आखलेल्या ट्रॅकवरून चाललेल्या गाडीने एखादा खड्डा चुकवायला वळसा घेतला की ॲप लगेच नवा मार्ग काढतं, आणि तो बहुधा भलत्याच पाणंदीत नेतो.

उणिवाही सांगायला हव्यात. मेनू गुंतागुंतीचे आहेत. कमी रॅमच्या फोनवर नकाशा सरकताना अडखळतो, दोन-अडीचशे किलोमीटरचा मार्ग काढायला वेळ लागतो. गावाचं नाव शोधणं गुगलइतकं सोपं नाही. स्पेलिंग जरा बदललं की गाव सापडत नाही. त्यामुळे मुक्कामाची, पंपाची आणि फाट्यांची ठिकाणं घरीच शोधून फेव्हरिटमध्ये टाकून ठेवावीत.

कंटूर रेषा वाचता येणं हे कोणत्याही ॲपपेक्षा मोठं भांडवल. दोन रेषांमध्ये किती मीटरचा फरक आहे ते आधी रेषेवरच्या आकड्यावरून पाहा. समजा फरक २० मीटरचा आहे आणि वाट २०० मीटरमध्ये दोन टप्पे चढते. म्हणजे ४० मीटर चढ, २० टक्के, सुमारे ११ अंश. घट्ट मुरमावर एवढा चढ साधी गाडीही काढेल. सुट्या दगडगोट्यांवर त्याच चढाला फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) आणि लो रेंज (जास्त ताकदीचे संथ गिअर) लागेल. वाट रेषांना समांतर जात असेल तर ती डोंगराच्या कुशीतून आडवी जाते. तिथे चढाची चिंता कमी, पण गाडी दरीच्या बाजूला कलंडण्याची आणि दरड आलेली असण्याची शक्यता जास्त. या रेषांचा मुख्य आधार फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातल्या रडारने केलेली मोजणी आहे. तिच्यात साधारण ३० मीटरमागे उंचीचा एकच आकडा मिळतो. कातळातली चार फुटांची पायरी, जिच्यावर गाडीचं पोट अडकतं, ती कोणत्याच कंटूरमध्ये दिसणार नाही. तिथे उतरून पायी पाहून येण्याला पर्याय नाही.

नकाशा बरोबर, पण ऋतू चुकलेला

नकाशातली नोंद बहुधा कोरड्या दिवसांतली असते. देशावरच्या काळ्या मातीतली श्रेणी ३ ची वाट मार्चमध्ये सहज जाते. जुलैत तीच माती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतात, आणि फोर बाय फोर असूनही गाडी जागेवर फिरते. घाटमाथ्यावरचा मुरूम आणि जांभा पावसात तुलनेने टिकतो. म्हणून श्रेणीबरोबर माती कोणती हेही पाहा. नोंदीत नुसतं ‘जमीन’ लिहिलं असेल तर पावसाळ्यात ती वाट धरूच नका.

धरणांच्या काठी याहून जास्त जपावं लागतं. जलाशयाची कड नकाशात एकाच रेघेची असते, पाणी मात्र वर्षभर वरखाली होतं. उन्हाळ्यात उघडा पडणारा जुना रस्ता नकाशात असतो आणि ॲप त्यावरून मार्ग काढतं. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळच्या बाजूला पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक गाडी नकाशाच्या भरवशावर गेली आणि एकाचा जीव गेला. वाट जिथे निळ्या रंगाला शिवते तिथे अंधारात जायचंच नाही आणि उजेडातही आधी चालत जाऊन पाहायचं. फरशी पुलांनाही हेच लागू.

स्पितीच्या वाटेवर ऋतूच्या जोडीने घड्याळही पाहावं लागतं. ग्रांफू ते बातल या पट्ट्यातले नाले बर्फाच्या पाण्यावर चालतात. सकाळी गुडघ्याखाली असलेलं पाणी ऊन तापलं की दुपारी चढतं. नकाशात ओढ्याची खूण आहे म्हणजे तो केव्हाही ओलांडता येतो असं नाही. या पट्ट्यातल्या प्रत्येक ओढ्यावर फेव्हरिटची खूण टाका आणि मोठे ओढे सकाळीच पार होतील असा प्रवास बेता.

ऑरगॅनिक मॅप्स आणि बाकीचे

ऑरगॅनिक मॅप्सही ओपनस्ट्रीटमॅपवरच चालतं. मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. साध्या फोनवर ते ऑस्मअँडपेक्षा कितीतरी चपळ आहे, शोधही चांगला. कंटूर दाखवतं, जीपीएक्स फाइल (वाट आणि खुणा साठवणारी फाइल) उघडतं, ट्रॅक नोंदवतं, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेवर चालतं. वाटेची श्रेणी मात्र तितक्या बारकाईने दाखवत नाही आणि मार्गाचे नियम आपल्याला हवे तसे बदलता येत नाहीत. शेजारी बसणाऱ्याच्या फोनमध्ये हे असावं. दोन फोन, दोन ॲप्स, तोच जीपीएक्स. एक फोन तापून बंद पडला तर दुसरा लगेच हाती घेता येतो.

लोकस मॅप हे अँड्रॉइडवर मुरलेलं, ताकदीचं ॲप आहे. ट्रॅक सांभाळणं, त्यांचे रंग, त्यांचे गट यात ते ऑस्मअँडच्या तोडीचं. पण पाया तोच ओपनस्ट्रीटमॅपचा, त्यामुळे ज्याने ऑस्मअँड शिकून घेतलंय त्याला नव्याने पैसे घालण्याची गरज नाही.

विकिलॉक या लोकांनी नोंदवलेल्या वाटांच्या संकेतस्थळावर सह्याद्रीतले पुष्कळ ट्रॅक मिळतात. त्यातले बरेचसे ट्रेकर्सचे आहेत. फाइल घेण्याआधी ती पायी, सायकल की गाडी कशासाठी नोंदवलीय ते वाचा आणि सरासरी वेग पाहा. ताशी ३-४ किलोमीटर दिसला तर ती पाऊलवाट आहे आणि पुढे नाळेतून उतरणार आहे. तिथे गाडी वळवायलाही जागा मिळणार नाही.

गाया जीपीएस आणि ऑनएक्स ऑफरोड ही नावं इंग्रजी यादीत वर असतात, पण ती यादी अमेरिकेची असते. ऑनएक्सची खरी किंमत तिथल्या सार्वजनिक जमिनींच्या सीमा आणि गाड्यांना खुल्या असलेल्या वाटांची माहिती यात आहे. गायाचे उत्तम थरही तिथल्याच सरकारी नकाशांचे, आणि ऑफलाइन नकाशांसाठी वर्गणी भरावी लागते. युटा किंवा कोलोरॅडोत राहणाऱ्या मराठी मंडळींनी ही जरूर घ्यावीत. सह्याद्री आणि लडाखसाठी त्यावर पैसे घालवू नयेत.

घरी करायची तयारी

वाट घरी बसून, मोठ्या पडद्यावर आखावी. संगणकावरचं गुगल अर्थ प्रो मोफत आहे आणि त्यात जुन्या तारखांची सॅटेलाइट चित्रं पाहता येतात. आपल्या कामाची गोष्ट हीच. मे महिन्याचं चित्र आणि पावसाळा संपल्यानंतरचं चित्र आलटून पालटून पाहा. वाट कुठे पाण्यात जाते, कुठे दरडीने तुटली, कुठे नांगरून शेतात गेली हे लगेच दिसतं. चाकोरीच्या दोन समांतर रेघा दिसत असतील तर गाड्या जातात, एकच बारीक रेघ असेल तर पायवाट. पाथ काढून तिची उंचीची आकृतीही पाहा. फाइल केएमझेड या गुगल अर्थच्या प्रकारात साठवून फोनवर घ्या. ऑस्मअँड ती थेट उघडतं. जीपीएक्समध्ये हवी असेल तर जीपीएक्स स्टुडिओ या संकेतस्थळावर नवी आखता येते किंवा हातातली दुरुस्त करता येते.

कुणी अक्षांश-रेखांश पाठवले तर ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे विचारल्याशिवाय टाकू नका. दशांश पद्धतीचे १८.३० म्हणजे १८ अंश १८ मिनिटं. तेच १८ अंश ३० मिनिटं समजून टाकलं तर १२ मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे आपण २२ किलोमीटर उत्तरेला जाऊन उभे राहतो. आपसात दशांश पद्धतच ठरवून घ्यावी, मेसेजमध्ये पाठवायलाही तीच सुटसुटीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी चाचणी घ्या. फोन विमान मोडवर, वायफाय बंद, ॲप सक्तीने बंद करून पुन्हा उघडा. जायच्या भागात जाऊन पूर्ण झूम करा, कंटूर दिसतात का पाहा, दोन गावांमधला मार्ग काढा, एक ठिकाण शोधा. यातलं एक जरी अडलं तरी ते वाय-फायवर घरीच दुरुस्त होतं. लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. त्यामुळे एखादी फाइल राहिलीच तर लेहला पोचून उतरवू हा बेत हॉटेलच्या वायफायवर अवलंबून राहतो.

ट्रॅक नोंदवणं आणि फोन जिवंत ठेवणं

परत फिरण्याचा सगळा भरवसा नोंदवलेल्या ट्रॅकवर असतो. ऑस्मअँडमध्ये त्यासाठी ट्रिप रेकॉर्डिंगचं प्लगइन चालू करावं लागतं. ते बहुतेकदा फोनच्या बॅटरी बचतीमुळे मध्येच बंद पडतं. शाओमी, ओप्पो, विवोच्या फोनमध्ये हे हमखास होतं. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा, ऑटोस्टार्ट चालू करा, लोकेशनची परवानगी कायमची द्या. डांबर सोडताना रेकॉर्डिंग सुरू करा आणि पहिल्या फाट्यावर थांबून मागची रेघ खरंच उमटलीय का ते पाहा. प्रत्येक फाट्यावर खूण टाका. जाताना सरळ वाटलेला फाटा परतताना हमखास फसवतो, कारण उलट दिशेने दोन्ही वाटा सारख्याच दिसतात.

उघड्या माळावर फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. खोल दरीत आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते आणि संदेश कड्यांवर आपटून उशिरा येतात, मग ठिपका ओढ्याच्या दुसऱ्या काठावरही दिसू शकतो. दोन फ्रिक्वेन्सी घेणारे फोन, म्हणजे ज्यांच्या माहितीपत्रकात एल१ आणि एल५ दोन्ही लिहिलेले असतात, अशा जागी उजवे ठरतात. नवा फोन घेताना हे पाहून घ्या. टॅबलेट घेताना आणखी सावध: सिम नसलेल्या, फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. मोठ्या पडद्याच्या मोहाने तो घेतला तर नकाशा दिसेल, आपण कुठे आहोत ते दिसणार नाही.

रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. विमान मोड लावा, जीपीएस चालूच राहतं. स्टिरिओवरचं यूएसबी पोर्ट अनेक गाड्यांत अर्ध्या अँपिअरच्या आसपासच देतं. पडदा आणि जीपीएस चालू असताना तेवढ्याने फोन चार्ज होत नाही, उतरतच राहतो. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये निदान १८-२० वॉटचा चार्जर लावा, सोबत एक जादा केबल ठेवा, कारण खडखडाटात पहिल्यांदा केबलच जाते. फोन काचेला चिकटवला की उन्हात तापतो, पडदा मंदावतो आणि शेवटी बंद पडतो. एसीच्या जाळीजवळ बसवलेला फोन गार राहतो, मात्र कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी हलक्या क्लिपा निसटतात. डॅशबोर्डला स्क्रूने बसणारं, बॉलजॉइंटचं होल्डर घ्या.

वेळेच्या अंदाजावर कोणत्याही ॲपचा विश्वास धरू नका. खडकाळ वाटेवर ताशी १० ते १५ किलोमीटर धरून हिशोब करा, इंधनासाठी नेहमीच्या ॲव्हरेजच्या निम्मं धरा, आणि अंधाराआधी डांबराला लागता येईल अशी परतण्याची वेळ ठरवून घ्या.

कायद्याचं

नकाशात वाट दिसते म्हणून तिथे गाडी न्यायची परवानगी असते असं नाही. कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, भीमाशंकर इथे वनखात्याच्या परवानगीशिवाय वाट सोडून गाडी घालणं गुन्हा आहे. ऑस्मअँडमध्ये संरक्षित क्षेत्रांच्या सीमा दिसतात, त्या आधी पाहून घ्या. सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर तर, परवानगी असो वा नसो, गाडी घालूच नये. कातळावरच्या इंचभर मातीच्या थरात पावसाळी फुलांचं सगळं बी असतं. चाकाने तो थर एकदा उखडला की पुन्हा जमायला वर्षानुवर्षं लागतात.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं, उदाहरणार्थ गार्मिनचं इनरीच, परदेशात ऑफरोडवाल्यांच्या गाडीत सर्रास असतात. भारतात ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत आणि विमानतळावर त्यावरून प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने प्रेमाने आणतो म्हटलं तरी नको म्हणा. आयफोनची उपग्रहावरची तातडीची सेवाही इथे मिळत नाही. म्हणून ठरवलेला जीपीएक्स, गाडीचा नंबर आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा’ एवढं घरी कुणाकडे तरी लेखी ठेवा. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. उंचवट्यावर जाऊन आधी तो लावा, मग दशांश पद्धतीत अक्षांश-रेखांश लिहून घरी साधा एसएमएस पाठवा. आपल्या कंपनीची थोडीशी रेंज असली तर इंटरनेट चालत नाही तिथेही एसएमएस जातो.

परतल्यावर अर्धा तास काढून नकाशा दुरुस्त करा. अँड्रॉइडवरचं स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप रस्त्याचा पृष्ठभाग कोणता असे सोपे प्रश्न विचारतं आणि उत्तर थेट ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं. वाहून गेलेली फरशी किंवा नव्याने घातलेलं कुंपण यासाठी नकाशावर टीप टाकता येते. ऑस्मअँडच्या फाइली महिन्यातून एकदा नव्याने निघतात, तेव्हा आज केलेली नोंद पुढच्या महिन्यात त्या वाटेला वळणाऱ्या गाडीच्या पडद्यावर असते.